ठाण्यातून ठाण्यात

लिफ्टमध्ये भेटली तेव्हा तिच्या एका हातात मुलाचं स्केटिंगचं हेल्मेट होतं आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीतून कोथिंबीर बाहेर आली होती. मी एकोणिसाव्याचं बटण दाबलं तशी म्हणाली, "एकोणिसाव्यावर नवीन आलेत ते तुम्हीच का? कुठून आलात?" नौपाड्यातून, मी म्हटलं. "म्हणजे ठाण्यातून! आमचं ठाण्यात जाणंच होत नाही हो. मागे दिवाळीत गेलो होतो, राम मारुती रोडला, कपडे घ्यायला." बारावा आला, ती उतरली, "या कधीतरी" म्हणाली आणि दार लागलं. मग मला बोलायला सुचलं. अहो बाई, तुम्ही-आम्ही आत्ता उभ्या आहोत ते काय आहे मग? पत्त्यावर ठाणे पश्चिम, कर भरतो ती महापालिका ठाण्याची, बदलले ते पिनकोडचे शेवटचे दोन आकडे. कासारवडवलीहून ठाण्यात जायचं म्हणजे काय?

रात्री नवऱ्याला हे सांगितलं, जरा तावातावानेच. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "बरोबर आहे तिचं. शनिवारी ठाण्यात जाऊन ब्लाउज टाकून येते, असं काल कोण म्हणालं?"

नौपाड्यातली आमची इमारत १९७४ ची. तीन मजले, लिफ्ट नाही, जिन्याला लाकडी कठडा आणि त्या कठड्याला पन्नास वर्षं हात घासून आलेली तकाकी. स्ट्रक्चरल ऑडिटवाल्याने सी-टू ए, म्हणजे इमारत रिकामी करून दुरुस्ती करा, असा शिक्का मारला आणि इतकी वर्षं नुसता चर्चेत असलेला पुनर्विकास एकदम अंगावर आला. नौपाड्यात सध्या दर गल्लीत एक तरी इमारत हिरव्या जाळीत नाहीतर निळ्या पत्र्यांत आहे, त्यामुळे ही प्रक्रिया कोणाला समजावून सांगायची गरज नाही. पुनर्विकासासाठी ७९-अ कलमाखाली बोलावलेल्या सभेला उपनिबंधक कार्यालयाचा अधिकारी येतो आणि सभेचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं असतं, एवढं कळल्यावर आमच्या इमारतीतल्या झाडून सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून हजर होत्या. पुरुष मोफा कार्पेट आणि रेरा कार्पेट, म्हणजे जुन्या आणि नव्या कायद्याने मोजलेलं घराचं क्षेत्रफळ, यांतला फरक एकमेकांना समजावून सांगत होते. आतल्या भिंतींची जाडी धरायची की नाही, यावरून दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालं ते अजून बंदच आहे. एकाच नळाचं पाणी प्यायलेली, एकमेकांच्या घरची विरजणं नेलेली ही माणसं. पण स्क्वेअर फूट हा विषयच असा आहे की माणूस आतून वेगळाच निघतो. डेव्हलपरने भाडं देऊ केलं ते ऐकायला बरं वाटलं, आणि नौपाड्यात त्या भाड्यात दोन खोल्याही मिळत नाहीत हे पहिल्याच एजंटने पाच मिनिटांत सांगितलं. सगळ्या गल्लीला एकदमच भाड्याची घरं हवी होती. मग कोणी कळव्याला गेलं, कोणी डोंबिवलीला मुलाकडे, आणि आम्ही इथे, घोडबंदर रोडवर कासारवडवलीला. नोव्हेंबर संपता संपता.

टेम्पोवाल्यांनी सकाळी नऊला सुरुवात केली आणि दुपारी दीडपर्यंत घर रिकामं केलं. मला वाटलं होतं की माळा उपसताना मन भरून येईल. प्रत्यक्षात माळ्यावरून आलं ते दोन बिघडलेले मिक्सर, सासऱ्यांच्या वागळे इस्टेटमधल्या कंपनीच्या डायऱ्यांचा गठ्ठा, त्यांतल्या निम्म्या कोऱ्या, आणि तांब्याचा बंब. बंब भंगारवाल्याने उचलून वजनाचा अंदाज घेतला तेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खुर्चीतूनच म्हणाल्या, "काटा आण आधी." भरून येणं वगैरे जे काही होतं ते त्या एका वाक्याने मिटलं. भंगारवाला काटा घेऊन आला, आईंनी चष्मा लावून आकडा वाचला, पैसे मोजून कमरेला लावले आणि मग तीन मजले उतरायला सुरुवात केली. गुडघ्यांमुळे गेली चार-पाच वर्षं तो जिना त्या फक्त डॉक्टरसाठी उतरायच्या. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या उतरल्या आणि खाली आल्यावर वर न बघता रिक्षात बसल्या. वर मी बघत होते.

नव्या घराच्या करारात एक कलम आहे: भिंतीला खिळा ठोकायचा नाही, ड्रिल करायचं नाही. घरमालक दुबईला असतात, अतिशय सभ्य गृहस्थ, त्यांनी फोनवर तीनदा सांगितलं की बाकी काही म्हणणं नाही, फक्त भिंती. ठीक आहे, म्हटलं. पण जानेवारी तोंडावर आला आणि नवं कालनिर्णय घरात आलं. ते लावायचं कुठे?

ज्यांच्या घरात कालनिर्णय मोबाइलमध्ये गेलंय त्यांना हा प्रश्न कळणार नाही. कालनिर्णय निघालं १९७३ साली आणि आईंचं लग्नही १९७३ चंच, त्यामुळे त्यांचा सगळा संसार त्या चौकोनांमध्ये आहे. नौपाड्याच्या स्वयंपाकघरात दाराच्या उजव्या हाताला एक खिळा होता. त्याच्याभोवतीचा रंग उडालेला, खाली भिंतीवर कॅलेंडरची पानं वाऱ्याने घासून पडलेला अर्धगोल. चौकोनात निळ्या पेनाने दुधाचे आकडे, बाईच्या खाड्याची फुली, गॅस लावल्याची तारीख, कोपऱ्यात "कमल ताप" किंवा "रेशन आले" अशी बातमी. गेल्या वर्षीचं कॅलेंडर उलटून वाचलं तर घराचा सगळा इतिहास कळावा, इतकं चोख. इथे मी बाजारातून चिकटणारे हुक आणले. पाकिटावर पाच किलो पेलतो असं छापलेलं होतं. पहिला हुक रात्री अडीचला पडला आणि आम्ही सगळे उठून बसलो. दुसरा सकाळी पडला. तिसऱ्याने भिंतीच्या रंगाचा पापुद्रा सोबत आणला, तेव्हा मी घाबरून तो प्रयोगच बंद केला. शेवटी आईंनी स्वतःच कालनिर्णयाची दोरी फ्रिजच्या बाजूच्या कपाटाच्या मुठीला अडकवली. आता कपाट उघडलं की आख्खा महिना दाराबरोबर फिरतो आणि पोह्यांचा डबा काढायचा तर आधी एकादशी बाजूला करावी लागते.

चौकोन मात्र मोकळे राहू लागले होते. दूध ॲपवरून येतं, पहाटे दाराला पिशवी अडकवलेली असते, हिशेब मोबाइलमध्ये. गॅस पाइपचा. बाईचे खाडे सोसायटीच्या गेटवरचं मशीनच मोजतं. मला वाटलं, आता आई लिहिणं सोडतील. तर त्यांनी टँकर लिहायला घेतले. घोडबंदरच्या संकुलांना पाणी पुरत नाही आणि खाली टँकर उभे असतात, हे ठाण्यात कोणालाही नवीन नाही. आईंना होतं, कारण नौपाड्यात पाणी सकाळी यायचं, भरायचं आणि विषय संपायचा. आता त्या बाल्कनीतून टँकर मोजतात आणि चौकोनात "टँ ६", "टँ ९" असं लिहितात. मेंटेनन्सच्या सभेत उपयोगी पडेल म्हणतात. भाडेकरूला सभेत बोलता येत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्या पाण्याने स्टीलच्या पेल्यांवर पांढरे डाग राहतात, चिंचेने घासले तरच जातात, आणि वरणातली डाळ एका शिट्टीने जास्त घेते. चहाचं म्हणाल तर चहा चहासारखाच लागतो, पण पहिले काही दिवस घरात कोणी तसं कबूल करायला तयार नव्हतं.

एकतीस डिसेंबरच्या रात्री मी जागी राहिले ते भोंग्यासाठी. मध्यरात्री बाराच्या ठोक्याला मोटरमन आपापल्या लोकलचा भोंगा वाजवतात. सीएसएमटीला तर तो ऐकायला हल्ली मुद्दाम गर्दी जमते, तिकडे बंदरातल्या बोटीही साथ देतात. आमचं नौपाड्याचं घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. थंडीत एरवीही रात्री उशिराच्या घोषणा स्पष्ट ऐकू यायच्या. कितव्या फलाटावर काय येतंय हे झोपेतसुद्धा कळत असे. बाराला तो भोंगा सुरू व्हायचा, आधी एक, मग दूर कळव्याच्या बाजूने दुसरा, मग सगळे एकात एक मिसळून मिनिटभर चालू राहायचे. थर्टी फर्स्टचं मला कधी कौतुक नव्हतं, आमच्याकडे त्या रात्री फार तर पावभाजी व्हायची. तरी तो आवाज झाला की वर्ष बदललं असं वाटे. इथे खाली क्लबहाउसमध्ये डीजे होता, हाऊजी होती, आणि अकरा एकोणसाठला शेकडो माणसं उलटे आकडे मोजत होती. बारा वाजले आणि फटाके थेट आमच्या खिडकीसमोर फुटले. मान वर करून फटाके बघण्यात जन्म गेला; एकोणिसाव्यावर ते डोळ्यांच्या रेषेत फुटतात आणि त्यांचा धूर सरळ बैठकीच्या खोलीत येतो. लेक म्हणाली, काय भारी ना! भारी होतंच. आईंनी उठून काचा लावून घेतल्या. काचा लागल्या की या घरात इतकी शांतता होते की फ्रिज सुरू झालेला कळतो. फोनवर स्टेशनजवळ राहणाऱ्या एका मैत्रिणीने भोंग्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात तिच्याच घरातल्या माणसांचा गोंगाट जास्त होता.

आईंचं मात्र मला काही कळत नाही. इथे येण्याआधी घरातल्या सगळ्या चर्चा त्यांच्याबद्दलच होत्या. त्यांना करमेल का, त्यांच्या ओळखी, त्यांचं घंटाळीचं देऊळ, पूर्वी दर मंगळवारचं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला उपटून दुसरीकडे लावायचं म्हणजे काय, अशी माझी वाक्यं असायची. पहिल्या आठवड्यातच त्या लिफ्टने एकट्या खाली गेल्या. दुसऱ्या आठवड्यात पोडियमवरच्या बाकावर त्यांची जागा ठरली. त्यांच्या गटात एक कच्छी आजी आहेत, एक पालघाटच्या, एक अलाहाबादच्या आणि दोन जळगावच्या. भाषा हिंदी, म्हणजे आईंची हिंदी. "मैंने उसको बोला, इतना आमटी उकळा तो फोडणीका वास जाता है" हे मी स्वतः ऐकलंय आणि समोरच्या चौघी माना डोलावत होत्या. मी "तुम्हाला आपल्या घराची आठवण येत नाही का?" असं एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "येते ना. पण तिकडे चार वर्षं मी वरूनच बघत होते सगळं. इकडे निदान खाली जाते." त्यावर काय बोलणार? मी ज्याला आपलं ठाणं म्हणत होते ते त्यांना बरीच वर्षं तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दिसेल तेवढंच होतं, हे मी त्याच घरात राहून कधी मोजलं नव्हतं.

आणि लिफ्टमधल्या बाईचं वाक्य त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना ते मुळीच विचित्र वाटलं नाही. त्या नौपाड्यात नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा जांभळी नाक्यावर भाजीला निघालं की शेजारणी "गावात चाललीस का?" म्हणून विचारायच्या. गाव म्हणजे कौपिनेश्वर, मासुंदा, खारकर आळी, टेंभी नाका, खाली चेंदणी कोळीवाडा. नौपाडा त्याच्या बाहेरचा. पाचपाखाडीत तर कोण राहायला जाणार, असं तेव्हा म्हणायचे. आज पाचपाखाडीतला भाव ऐकून आवंढा गिळावा लागतो. गडकरी रंगायतन १९७८ साली उभं राहिलं तेव्हा सासरे त्यांना तळ्याकाठाने चालत नाटकाला घेऊन गेले होते, ते त्या अजून "गावात नाटकाला गेलो" असंच सांगतात. आणि आख्खं ठाणं तरी काय करत होतं? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी इथे येऊन थांबली तेव्हापासून आम्ही "मुंबईला जाऊन येतो" म्हणतोय. आजही मी रोज दादरला नोकरीला जाते ते "मुंबईला". मुंबईकर आम्हाला बाहेरचे धरतात याचा राग, आणि घोडबंदरवाल्यांना आम्ही आजवर तेच करत आलो. जुन्या मित्रमंडळींत कोणी वाघबीळला फ्लॅट घेतला की आमचा पहिला प्रश्न असायचा, "इतक्या लांब?"

लांब आहे हे खरं. सकाळी रस्त्यावर न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेले कंटेनर, त्यांच्या मध्ये शाळेच्या बस, त्यांच्या मध्ये आम्ही. गायमुखच्या घाटात काही दुरुस्ती निघाली की संध्याकाळी घरी येण्याची वेळ कोणी सांगू नये. डोक्यावर मेट्रोचे खांब आहेत, २०२५ च्या सप्टेंबरात गायमुखच्या बाजूने गाडीची चाचणी झाली तेव्हा इथल्या लोकांनी गच्चीवरून टाळ्या वाजवल्या म्हणे. पलीकडे मानपाड्यापासून बोरिवलीकडे जुळा बोगदा निघालाय, डोंगराच्या पोटातून, जवळपास १२ किलोमीटरचा रस्ता. म्हणजे माझ्या खिडकीतून सकाळी धुक्यात येऊरचा जो डोंगर दिसतो आणि ज्याचे फोटो मी नौपाड्याच्या ग्रुपवर टाकते, त्याच्या आतून गाड्या जाणार. त्याच डोंगरावरचा बिबट्या अधूनमधून कुठल्या तरी सोसायटीच्या सीसीटीव्हीत येतो आणि मग दोन दिवस सगळे मुलांना सातच्या आत घरी बोलावतात. बसमध्ये कंडक्टर अजून "नितीन कंपनी" पुकारतो. कंपनी जाऊन जमाना झाला, पण लोक तिथे उतरतातच. पुढच्या थांब्यांवर टॉवरांची इंग्रजी नावं पुकारताना तोच कंडक्टर अडखळतो, कधी सरळ "गेट, गेट" म्हणतो.

वाघबीळच्या नाक्यावर एक भाजीवाली बसते. पावसाळ्यात नौपाड्यात गावदेवीच्या बाजूला ज्या बायका शेवळं, कंटोळी, टाकळा घेऊन बसायच्या, त्यांच्यातलीच ही असावी असं मला चेहऱ्यावरून वाटलं. आता हिवाळ्यात तिच्याकडे वालाच्या शेंगा, कांद्याची पात आणि छोटे गावठी मुळे होते. वाल निवडून घेताना मी विचारलं, "मावशी, तुम्ही आधी गावदेवीला बसायचात का?" बसायची म्हणाली. पहाटेची पहिली बस पकडून, टोपली डोक्यावर घेऊन, मग उन्हं चढली की परत. पाडा इथेच डोंगराच्या पायथ्याला. मग आता जात नाही का, विचारलं. तिने शेंगांचा वाटा माझ्या पिशवीत ओतला, वर चार शेंगा टाकल्या आणि म्हणाली, "आता कशाला जायचं? गिऱ्हाईकच इकडं आलं." मी पैसे दिले. सुट्टे नव्हते तिच्याकडे, म्हणून मुळ्याची जुडी घेतली. घरी कोणीच मुळा खात नाही.

रविवारी आम्ही नौपाड्यात गेलो होतो, मी आणि नवरा. ग्रंथसंग्रहालयाची पुस्तकं बदलायची होती. १८९३ सालची ती संस्था, तिथलं माझं खातं लग्नाच्याही आधीचं, ते इतक्यात बंद करायचं नाही असं मी ठरवलंय. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आता आम्हाला गडकरीपेक्षा जवळ आहे, तेव्हा नाटकं इकडे बघू. पुस्तकं मात्र तिकडचीच. येताना आमच्या गल्लीत डोकावलो. पत्रे लागलेत, आत जेसीबी आहे, वरच्या मजल्याची भिंत पाडली होती आणि कोणाच्या तरी मोरीच्या निळ्या टाइल्स उन्हात दिसत होत्या. आमच्या नव्हेत, आमच्या पांढऱ्या. फोटो काढून आईंना दाखवला. त्यांनी मोठा करून नीट बघितला आणि म्हणाल्या, "बरं झालं, काम सुरू झालं. छत्तीस महिने म्हणालाय, चाळीस धरा."

आता प्रश्न पाडव्याचा आहे. यंदा पाडवा १९ मार्चला. कौपिनेश्वरापासून निघणाऱ्या स्वागतयात्रेला जायचं की नाही, गेलं तर पहाटे निघून पोचणार कसं, त्यावर चर्चा होईलच. पण गुढीची काठी आत्ताच अडचणीची झालीये. चांगला आठ हात लांब वेळू आहे, सासऱ्यांनी आणलेला, नौपाड्यात गॅलरीच्या गजाला बांधला की रस्त्यावरून दिसायचा. टेम्पोतून तो आला, लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा दोन पोरांनी जिन्याने एकोणीस मजले चढवला आणि वर वेगळे पैसे घेतले. सोसायटीच्या नियमाप्रमाणे खिडकीबाहेर काही लावायचं नाही, दर्शनी भागाला शोभत नाही म्हणून. गुढी बाल्कनीच्या आत उभारा, असं सेक्रेटरींनी हात जोडणाऱ्या इमोजीसह कळवलं. बाल्कनीचं छत खाली आहे. मी म्हटलं, आपण यंदा नवी छोटी आणू, ही अशीच ठेवू, घर झालं की तिकडे लावू. आईंना हे अजिबात पटलं नाही. गुढी म्हणजे काय शोकेसमध्ये ठेवायची वस्तू आहे का, म्हणाल्या, हात-दोन हात कापून टाक, मापात बसेल. तिकडे परत गेल्यावर काय करायचं, असं विचारलं तर म्हणाल्या, "तिकडेही लिफ्टच आहे." करवत वॉचमनकडे आहे. नवऱ्याने अजून मागितलेली नाही, आणि आईंनी कालनिर्णयात एक मार्चच्या चौकोनात "काठी" असं लिहून ठेवलंय, टँकरच्या वर.